माझ्यासमोर उघडा

बुधवारा मोहल्ल्यातल्या त्या गल्लीत आम्ही राहायला आलो, त्याच दिवशी मी रवा, साखर आणि तूप घरी घोटून केलेल्या दराब्याची वाटी घेऊन शेजारच्या दारात उभी राहिले. दार उघडलं ते एका उंच, सडपातळ बाईंनी. गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा होता. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघण्याआधी वाटी नाकाशी नेली, बोटाने दराबा दाबून पाहिला आणि विचारलं, "तूप कुठलं?"

"घरचंच आहे."

"घरी म्हैस आहे?"

"नाही."

"मग घरचं कसं?"

मी नवीन संसाराची, नवीन गल्लीची. मी वाटी परत घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात आतून एक ठेंगणे, टक्कल पडलेले गृहस्थ चहाचा कप घेऊन आले. त्यांनी तो बाईंच्या हातात दिला. बाईंनी कपात न बघता, माझ्यावरची नजर न काढता, तो तोंडाला लावला. शकूताई आणि अण्णा या जोडप्याशी माझी ओळख झाली ती अशी.

शकूताईंचा कशावरच विश्वास नव्हता. हा त्यांचा दोष आहे असं मी बरीच वर्षं मानत होते आणि त्यांच्या मागे त्यांची नक्कलही करत होते. दारात म्हैस आणून दूध काढून देणारा गवळी तेव्हा आमच्या गल्लीत येई. त्याला आधी बादली पालथी करून दाखवावी लागे. ती रिकामी आहे हे बघून झालं की शकूताई म्हणत, "बस आता." दूध काढून झालं की त्याचा एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन अंगठा तिरपा करत. थेंब भरकन ओघळला की गवळ्याची खैर नसे. "ताई, म्हैस तुमच्यासमोर, बादली तुमच्यासमोर, पाणी कुठून टाकू?" तो कळवळून विचारी. "तेच तर मले समजून नाही राहिलं," शकूताई म्हणत.

केळ्यांच्या या मुलुखात राहून त्यांनी पिवळं केळं कधी विकत घेतलं नाही. पिवळं झालं म्हणजे कोणीतरी पावडर मारून पिकवलं, असं त्यांचं म्हणणं. हिरवा घड आणायचा, गोणपाटात गुंडाळून कोठीत ठेवायचा आणि घरी पिकवायचा. पाकीटबंद काहीही असो, त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "माझ्यासमोर उघडा." औषधाच्या दुकानात, मिठाईच्या दुकानात, गॅसच्या गाडीवर, सगळीकडे हेच.

ती वर्षंही अशी होती की संशयाला खाद्य भरपूर होतं. कुठकुठल्या देशांतला माल आमच्या गल्लीपर्यंत येऊन पोचला होता. यंत्रमागांच्या या गावात परदेशी धाग्याचं कापड येत होतं आणि त्यावर शिक्का मात्र शुद्ध सुताचा असे. शनवाऱ्याच्या एका दुकानात मी शकूताईंबरोबर लुगडं घ्यायला गेले होते. दुकानदाराने ढीग उपसला, त्यांनी एक निवडलं, काठाशी नखाने एक दोरा ओढून काढला आणि म्हणाल्या, "भाऊ, काडेपेटी द्या."

"ताई, दुकान कापडाचं आहे," दुकानदार घाबरला.

"म्हणूनच मागून राहिली. चुलीच्या दुकानात कशाले मागू?"

बाहेर पायरीवर बसून त्यांनी दोरा पेटवला. सुताची राख होते आणि ती बोटात विरते. या दोऱ्याचा कडक काळा मणी झाला. तो त्यांनी दुकानदाराच्या तळहातावर ठेवला आणि चालायला लागल्या. मी मागून पदर सावरत आणि माफी मागत धावले. पुढे मात्र मीही काडेपेटी पर्समध्ये ठेवू लागले, ते शकूताईंना कळू दिलं नाही.

या सगळ्या संशयातून एकच माणूस सुटला होता. अण्णांच्या हातचा चहा, अण्णांनी आणलेली भाजी, अण्णांनी दिलेली डोकेदुखीची गोळी, काहीही असो, शकूताई त्याकडे बघत नसत. तळहात पुढे करायचा, गोळी पडली की तोंडात टाकायची. एकदा मी चिडवलं, "ताई, सगळ्या गावाची परीक्षा घेता, अण्णांना मात्र वरच्या वर्गात घातलंत."

"त्याइची परीक्षा कशाले घ्यायची?" त्या म्हणाल्या. "खोटं बोलले की कान लाल होतात त्याइचे. लगनाच्या पहिल्याच महिन्यात समजलं मले. भाजी कशी झाली विचारलं, चांगली म्हणाले, अन् कान पहा तर गाजर."

अण्णा शेजारीच बसून हसत होते. ते नगरपालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झाले होते. सातपुड्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहराकडे आणणारा आमचा जुना कुंडी भंडारा, त्याच्या देखभालीत त्यांची उमेदीची वर्षं गेली. दोराला धरून विहिरीसारख्या खोल कुंडीत उतरणं, भिंतींवर धरलेला चुना बघणं, हे त्यांचं काम. ते बोलत कमी, पण भंडाऱ्याचा विषय निघाला की एक गोष्ट हटकून सांगत: "पाण्याचा रस्ता आपोआप कधी अरुंद होत नाही. एक तर आतून चुना धरतो, नाही तर बाहेरून माती दाबते. आधी ते बघायचं." शकूताईंना हे इतकं पाठ झालं होतं की अण्णांनी सुरुवात केली की शेवट त्याच करत.

साठी उलटल्यावर शकूताईंना पुन्हा अंगावरून जायला लागलं. जळगावला नेऊन गर्भाशय काढलं. ऑपरेशननंतर मी भेटायला गेले तेव्हा त्या नुकत्या शुद्धीवर येत होत्या आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "काढलं ते कोणी पाहिलं?"

"मी पाहिलं," अण्णा म्हणाले. "डॉक्टरांनी ट्रेमधी आणून दाखवलं. गाठ होती. साधी होती."

"तुम्ही पाहिली ना? झालं मग," म्हणून शकूताईंनी डोळे मिटले. थंडीचे दिवस होते. अण्णांनी कान झाकणारी खाकी कानटोपी हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. थंडीत सगळेच म्हातारे कानटोपी घालतात.

नंतरची दोन वर्षं बरी गेली. मग चपलेचं प्रकरण झालं.

बुधवाऱ्यातल्याच एका दुकानातून शकूताईंनी चपला आणल्या आणि आठवड्याभरात डावी चप्पल चावते म्हणून परत नेल्या. दुकानदाराने दुसरा जोड दिला. तोही तसाच. "डावी लहान देऊन राहिले सगळ्यांले," त्या मला म्हणाल्या. "बाहेरून आलेला माल आहे, दोन वेगवेगळ्या कारखान्यांतले असतील." तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा मीही सोबत होते. त्या दुकानात उभं राहून तावातावाने बोलत होत्या. दुकानदार म्हाताराच होता, शांत होता. त्याने दोन्ही चपला तळाला तळ लावून त्यांच्यासमोर धरल्या. कड न् कड जुळत होती. मग तो खाली बघत हळूच म्हणाला, "ताई, चप्पल बराबर आहे. पाय बघा."

आम्ही दोघींनी पाय बघितला. डावा पाय पंजापासून वर उजव्याच्या दीडपट झाला होता. कातडी ताणून चकाकत होती आणि पैंजण मांसात रुतलं होतं. जिने जन्मभर दुसऱ्याच्या मालात खोट शोधली तिला स्वतःच्या पायाकडे बघायचं सुचलं नव्हतं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. शकूताईंनी जुनी चप्पल घातली आणि दुकानदाराला म्हणाल्या, "तुमची चूक नव्हती, भाऊ." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

गल्लीने लगेच निदान केलं. कोणी हत्तीपाय म्हणालं, कोणी वात. गावातल्या डॉक्टरांनी पायावर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. त्यांनी सोनोग्राफी केली, पोटाचा मोठा फोटो काढायला लावला आणि इंदूरला जायला सांगितलं. शकूताईंचा मुलगा विलास भोपाळहून आला. आल्या दिवशीच त्याने मला गल्लीच्या तोंडाशी गाठलं.

"काकू, तुम्ही सोबत चला. बाईमाणूस पाहिजे. अन् एक सांगतो, आईले काही बोलू नका. तवाची गाठ कॅन्सरची होती. आता तेच पोटात आतल्या गाठींमधी आलंय, त्यानं पायाची नस दबून राहिली. आईले फक्त नस दबली एवढंच सांगायचं. खामखा टेन्शन घेईल ती."

"अण्णांना माहीत आहे?"

"पहिल्यापासून. मीच त्याइले सांगायला लावलं की साधी होती म्हणून. त्याइचं ती ऐकते ना."

मला संताप आला. सगळ्या जगातून या बाईने एकच खात्रीचा माणूस निवडला होता आणि खोटं बोलायला घरच्यांनी नेमका तोच पुढे केला होता. पण विलासचे डोळे सुजलेले दिसत होते, तेव्हा मी सोबत यायचं कबूल केलं.

इंदूरला जाताना मागच्या सीटवर शकूताईंचा तो जड पाय माझ्या मांडीवर होता. पुढे गाडी चालवणाऱ्या विलासशेजारी अण्णा बसले होते, गाडीत उकडत असताना कानटोपी घालून. असीरगढ आला तशा शकूताई काचेतून वर किल्ल्याकडे बघत म्हणाल्या, "हा किल्ला लढून कोणाले भेटला नाही म्हणतात. आतल्यानंच दार उघडलं, तवा गेला." मी पुढे पाहिलं. अण्णा समोरच्या रस्त्यावरून नजर काढायला तयार नव्हते.

इंदूरचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर शिरेचं चित्र काढलं आणि हिंदीत समजावलं, "माताजी, पेट के अंदर पैर की बड़ी नस दब गई है। खून ऊपर नहीं जा पा रहा, इसलिए सूजन है। जांघ से तार डालकर अंदर एक जाली बिठाएंगे, स्टेंट। रास्ता खुल जाएगा।"

शकूताईंनी चष्मा चढवला. "ते तर हार्टवाल्यांले घालतात. मले पायाच्या नसेत कशाले?"

"नस में भी डालते हैं।"

"नस दबली म्हणता. दाबली कोणी?"

डॉक्टरांनी विलासकडे पाहिलं. विलास म्हणाला, "आई, वय झालं की होतं असं."

"मी तुले नाही विचारलं." शकूताई खुर्चीत वळल्या. पाय वळवता येईना, तेव्हा कंबरेतूनच वळल्या. "अहो, तुम्ही सांगा. रस्ता आपोआप अरुंद होत नाही, तुम्हीच म्हणता. हे आतून चुना धरलाय का बाहेरून माती दाबून राहिली?"

अण्णा उभे होते. त्यांनी हात वर नेला, मला वाटलं घाम पुसतील. त्यांनी कानटोपी काढली. कान लाल नव्हते, पांढरेफटक होते.

"बाहेरून," ते म्हणाले.

"काय आहे बाहेर?"

"गाठी."

"कशाच्या?"

"पिशवीतली होती, तिच्याच."

"साधी होती म्हणाले होते तुम्ही."

"नव्हती साधी."

शकूताईंनी त्यांच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं. "कानटोपी घालून बोलले होते तुम्ही तवा," त्या म्हणाल्या. डॉक्टरांना कानटोपीचं काही कळलं नाही, पण ते लिहायचे थांबले होते.

मग त्या डॉक्टरांकडे वळल्या आणि आपल्या हिंदीत विचारलं, "जाली से गांठ जाएगी?"

विलास काही बोलायला गेला. डॉक्टर त्याच्या आधी म्हणाले, "नहीं, माताजी। जाली से सिर्फ पैर हल्का होगा। चल पाओगी, बैठ पाओगी। गांठ की दवा अलग चलेगी, और वो कितना काम करेगी, मैं आज नहीं कह सकता।"

"हा एक माणूस खरं बोलला," शकूताई म्हणाल्या. "करा मग. पण जाळीचं पाकीट माझ्यासमोर उघडायचं."

डॉक्टर हसले नाहीत. ऑपरेशन जागेपणीच, मांडीत बधिर करायचं इंजेक्शन देऊन करायचं होतं. त्यांनी टेबलावर झोपलेल्या शकूताईंना सीलबंद पाकीट दाखवलं, त्यावरचा देश वाचून दाखवला आणि मग फोडलं, हे मला शकूताईंनीच नंतर अभिमानाने सांगितलं. "दुमडलेली जाते आत, अन् आत गेली की आपली आपण उघडते. टीव्हीवर पाहिलं मी. आधी फुगा फुगवून रस्ता मोठा केला, मग ही बसवली. पाणी सुटावं तसं रक्त वर गेलं." बाहेर बाकावर आम्ही बसलो होतो तेव्हा अण्णा कानटोपीची घडी घालत होते आणि उलगडत होते.

पाय उतरला. घरी परतल्यावर आठवड्याभरात ताणलेल्या कातडीला सुरकुत्या पडल्या, पैंजण पुन्हा घोट्यावर खुळखुळायला लागलं. शकूताई मांडी घालून भाजी निवडायला बसल्या तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि म्हणाल्या, "मेथी भिजून राहिली." चपलेच्या दुकानात त्या स्वतः चालत गेल्या आणि तोच पहिला जोड मागून घेतला.

जाळीत रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची होती. यावरून त्यांनी गवळ्यालाही ऐकवलं: "जन्मभर तुले पातळ केलं म्हणून बोलली, आता मले पातळ करायच्या गोळ्या देऊन राहिले." गवळ्याने त्या दिवशी न सांगता बादली पालथी करून दाखवली.

पण घरात एक गोष्ट बदलली होती, आणि ती मला बघवत नसे. गोळी अजूनही अण्णाच आणत. शकूताई तळहात पुढे करत, गोळी पडली की चष्मा चढवत, ती उलटीपालटी करत आणि म्हणत, "पाकीट दाखवा." अण्णा आत जाऊन पाकीट आणत. त्या नाव वाचत. "ही कशाची?" "रक्ताची." "अन् ही?" "गाठीची." मग त्या अण्णांच्या कानांकडे बघत, आणि मगच पाणी पीत. अण्णा तोवर उभे राहत. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. चहाचा कपसुद्धा त्या आता बघून घेत.

एकदा मी धीर करून म्हटलं, "ताई, त्यांनी भीतीपोटी केलं हो. तुम्हाला जपायला."

"माहीत आहे मले. तुले माहीत होतं?"

"इंदूरच्या आधी कळलं."

"तुझे कान मी कधी पाहिलेच नाहीत," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "मीना, लोकं फसवतात त्याचं मले काही नाही. त्याची सवय आहे. पण एक जागा होती जिथं मी डोळे मिटत होती. आता सगळीकडे उघडेच ठेवा लागतात. थकून गेली मी."

हे ऐकून मला अण्णांची कीव आली आणि ताईंची त्याहून जास्त. त्यांच्या संशयाची नक्कल मी त्यानंतर कधी केली नाही.

पुढचा हिवाळा तापीकाठाला सोसेना इतका कडक आला. गल्लीतले सगळे म्हातारे मफलर, कानटोप्यांत गुरफटलेले, आणि अण्णा मात्र बोडके. पहाटे दूध घ्यायला उभे, बोडके. भाजी आणायला चालले, बोडके. थंडीने कान सुजून आलेले. मी म्हटलं, "अण्णा, टोपी कुठे गेली?" "सापडून नाही राहिली," ते म्हणाले, आणि त्या तीन शब्दांसरशी लाजून हसले, कारण मी त्यांच्या कानांकडे पाहिलं होतं. टोपी हरवली नव्हती. त्यांनी ती घालायची सोडली होती.

गाठीच्या औषधाने काही महिने साथ दिली, मग सोडली. पाय मात्र शेवटपर्यंत हलका राहिला. संक्रांतीनंतर मला मुलीच्या बाळंतपणाला जायचं होतं. निघायच्या सकाळी मी निरोप घ्यायला गेले. शकूताई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या, फार वाळल्या होत्या, पाय मात्र लांब करून एकावर एक टाकलेले. मला म्हणाल्या, "बाळंतिणीले बाजारचं तूप देऊ नको." "घरचंच देईन," मी म्हटलं. "घरी म्हैस आहे?" त्यांनी विचारलं, आणि आम्ही दोघी हसलो.

अण्णा आतून पाण्याचा पेला आणि गोळ्या घेऊन आले. एका हातात गोळ्या, दुसऱ्या हातात पेला, आणि काखेत सवयीने पाकिटं. डोकं बोडकं, कान थंडीने लालभडक झालेले. मी नकळत शकूताईंकडे पाहिलं. त्यांनीही ते कान पाहिले. मग त्यांनी तळहात पुढे केला आणि डोळे मिटले. गोळ्या पडल्या तशा त्यांनी तोंडात टाकल्या, पाणी प्यायल्या आणि पेला परत दिला. पाकिटं काखेतच राहिली.

अण्णा तसेच उभे होते. शकूताईंनी मांडीवरच्या शालीखाली हात घातला आणि ती खाकी कानटोपी बाहेर काढली. धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालून ठेवलेली.

"घाला," त्या म्हणाल्या. "सर्दी होईल."

अण्णांनी टोपी घातली, दोन्ही कान नीट झाकून घेतले आणि पेला ठेवायला आत गेले.